नांगर धरला का?

सुट्टीत शिडाच्या बोटीवर राहायला जाणार असं सांगितलं की पुण्यात ठरावीक प्रश्न येतात. पोहता येतं का? बोट लागत नाही का? आणि तिकडे जेवणाखाण्याचं काय? नांगराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कॅटामरानवरची, म्हणजे दोन अंगांच्या जोडबोटीवरची, सुट्टी मात्र निम्म्याहून अधिक नांगराचीच असते. शिडं उघडतात ती दिवसातले दोन-तीन तास. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र बोट कुठेतरी उभी असते, आणि ती तिथेच उभी राहील याची हमी म्हणजे वाळूत रुतलेलं वीस-पंचवीस किलोचं लोखंड. फोटोत शिडं येतात, लोखंड येत नाही.

ताई आणि दाजी ऑकलंडला असतात. दाजी तिथल्या हौराकी आखातात बरीच वर्षं शिडाच्या बोटी चालवतात, त्यामुळे बोट त्यांच्या नावावर भाड्याने घ्यायची, खर्च निम्मा-निम्मा आणि हुकूम सगळे त्यांचे, असं ठरलं. जागा त्यांनीच निवडली: रायातेआ. दक्षिण पॅसिफिकमध्ये ताहितीपासून सुमारे २०० किलोमीटरवरचं बेट. शेजारीच ताहा नावाचं दुसरं बेट. मध्ये तीनेक किलोमीटरचं पाणी आणि दोघांना मिळून एकच प्रवाळाची भिंत. भिंतीबाहेर महासागर, आत लगून. पहिल्यांदाच बोटीवर येणाऱ्यांना घेऊन जायला याहून बरी जागा नाही, असं दाजींचं मत. आत लाटा जवळजवळ नसतात, वारा मात्र पुरेपूर मिळतो.

व्हिसाचं एका वाक्यात सांगते, कारण त्यात बरेच जण अडकतात. बेटं फ्रान्सची असली तरी युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, फ्रेंच पॉलिनेशियासाठी वैध अशी स्वतंत्र नोंद असलेला व्हिसा लागतो. बाकी कागदपत्रांचा कंटाळा नेहमीचाच.

तयारी पुण्यातच सुरू झाली. मी आणि नवरा दोघंही सह्याद्रीत भटकणारे, दोराशी थोडीफार ओळख असलेले. बोहरी आळीतून दहा मीटर दोर आणला आणि गॅलरीच्या कठड्याला गाठी मारत बसलो. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या दोन गाठी कड्यावर चालतात तशाच बोटीवरही चालतात. पण कड्यावर आम्ही दोर अडकवायला दोन-तीन जागा शोधतो, प्रत्येकीला हिसका देऊन बघतो, आणि त्यातली एक निसटली तरी बाकीच्या असतात. बोटीला एकच नांगर. शिवाय तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी पडणार. ही गोष्ट माझ्या पचनी पडायला वेळ लागला.

दाजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं दुसरं काम म्हणजे हातवारे. नांगर टाकताना एक माणूस बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर असतो, दुसरा मागे सुकाणूवर. मध्ये दहा-बारा मीटर अंतर, इंजिनाची घरघर आणि वारा. ओरडून काहीही ऐकू जात नाही, फक्त भांडण झाल्यासारखं वाटतं. म्हणून सगळं हातांनी: पुढे, मागे, थांब, डावीकडे, साखळी सोडतेय, साखळी ताणली. आम्ही हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसवलं. नवरा गाडी मागे घेतोय आणि मी बॉनेटसमोर उभी राहून कवायत करतेय. वॉचमनने दोन रविवार सहन केलं, मग विचारलंच, "मॅडम, आरसा तुटलाय का गाडीचा?"

पुण्याला समुद्र नाही, पण समुद्राचा अभ्यास भरपूर आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या आणि लाटांच्या प्रतिकृती करून बघतात. शिवाजीनगरची वेधशाळा, जिच्यावरून सिमला ऑफिस चौक ओळखला जातो, ती तर ताहितीशी फार जुन्या धाग्याने बांधलेली आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधत होते, आणि त्यांना पॅसिफिकच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला झोका सापडला. एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे कमी होतो. आज तो झोका मोजतात तो ताहिती आणि ऑस्ट्रेलियातलं डार्विन या दोन ठिकाणच्या दाबावरून. दर मे-जूनमध्ये आपण पेपरात एल निनोच्या बातम्या वाचून खडकवासल्याच्या पाण्याची काळजी करतो, तो एल निनो याच झोक्याचा जोडीदार. ताहितीचा वायुभार किती, हा प्रश्न आम्हाला नांगर टाकायच्या जागेसाठी पडला होता, पण पुण्याच्या माणसाला तो तसा परका नाही.

जुलैत गेलो. इकडे आषाढसरी, तिकडे दक्षिण गोलार्धातला हिवाळा, म्हणजे कोरडा हंगाम आणि आग्नेयेचा ठरलेला वारा. कधीकधी हाच वारा पेटतो आणि दिवसेंदिवस जोरात वाहतो, त्याला तिथे मारामू म्हणतात. ऑकलंडहून ताई-दाजी आणि आम्ही एकत्र निघालो. वाटेत वाररेषा ओलांडल्यामुळे पोचलो ते आदल्या दिवशी, आणि पुण्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. सासूबाईंना फोन कधी करायचा हा हिशेब शेवटपर्यंत जमला नाही.

बोट चाळीसेक फुटांची. दोन निमुळते हल, म्हणजे बोटीची पाण्यात बसणारी अंगं, त्यांच्यावर आडवं बसवलेलं घर, पुढे दोन टोकांच्या मध्ये ताणलेली जाळी. एका हलच्या बोटीखाली वजनदार कणा असतो, ती वाऱ्याने कलते आणि परत उठते. कॅटामरान रुंदीच्या जोरावर उभी राहते. त्यामुळे चहाचा कप टेबलावरच राहतो, आणि पाण्याखाली बोट सव्वा मीटरच जाते. लगूनमध्ये हा सव्वा मीटर फार मोलाचा. कमरेपेक्षा थोड्या जास्त पाण्यातही बोट उभी राहू शकते. प्रत्येक हलमध्ये एक इंजिन, एक पुढे आणि एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी फिरते. तोटा असा की उंच घरामुळे वारा खूप धरते. गोड्या पाण्याची टाकी मात्र मर्यादित. भांडी आधी खाऱ्या पाण्यात घासून मग गोड्या पाण्यात विसळायची. ताईने सूचना द्यायला सुरुवात केली तेव्हा नवरा म्हणाला, "दर गुरुवारी पाणी बंद असणाऱ्या गावातून आलोय आम्ही, काळजी करू नका."

लगूनमध्ये नकाशापेक्षा डोळ्यांवर भरवसा. गडद निळं म्हणजे खोल. फिकट निळसर-हिरवं म्हणजे खाली वाळू, दोन ते पाच मीटर. पिवळसर किंवा तपकिरी दिसलं की प्रवाळ, तिकडे जायचंच नाही. पण हे रंग सूर्य वर आणि पाठीमागे असेल तरच दिसतात, सूर्य समोर असला की सगळं पाणी चांदीसारखं एकच होऊन जातं. म्हणून पश्चिमेकडे जायचं ते दुपारच्या आत. पोलराइज्ड गॉगल लावून मी नाळेवर उभी राहायचे आणि रंग बघून हात करायचे. खुणेचे खांबही आहेत. लगूनमधून बेटाला वळसा घालताना लाल खूण बेटाच्या बाजूला, हिरवी भिंतीच्या बाजूला. दोन्हींच्या मधून जायचं. हे एकदा डोक्यात बसलं की सोपं जातं.

रायातेआच्या उत्तर टोकाच्या धक्क्यावरून निघून, सामुद्रधुनी ओलांडून ताहाच्या पश्चिमेला गेलो. तिथे भिंतीवर साचलेल्या वाळूची, माडांनी भरलेली बुटकी बेटं आहेत. त्यांना मोटू म्हणतात. मधल्या लगूनची खोली पंचवीस-तीस मीटर, तिथे नांगर टाकणं म्हणजे सगळी साखळी संपवणं. मोटूंच्या जवळ मात्र तळ एकदम वर येतो आणि वाळूची उथळ पायरी लागते. आम्हाला ती हवी होती.

आता मुख्य काम. दाजींनी आधी त्या जागेभोवती सावकाश एक फेरी मारली. खाली प्रवाळाची डोकी किती, दुसऱ्या बोटी कुठे, त्यांनी किती साखळी सोडली असेल, वारा फिरला तर कोण कुठे जाईल. वाळूचा स्वच्छ तुकडा बघूनच नांगर टाकायचा. प्रवाळावर टाकला की तो तर मोडतोच, शिवाय साखळी त्याच्याभोवती गुंडाळली गेली की निघता निघत नाही. मग हिशेब. खोली तीन मीटर. पण साखळी पाण्यातून नाही, नाळेवरून सुटते, तो दीड मीटर धरायचा. झाले साडेचार. त्याच्या पाचपट निदान, रात्र काढायची तर सातपट: एकतीस-बत्तीस मीटर. दहा मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणजे तीस मीटर साखळी सत्तर किलोला टेकली. बोटीला धरतो तो नुसता नांगर नाही, तळाशी लोळत पडलेली साखळीही धरते. ती आडवी ओढते म्हणून नांगराचं टोक वाळूत शिरतं. साखळी कमी सोडली तर ओढ वरच्या दिशेने जाते आणि तोच नांगर उपटून निघतो.

भरतीचं काय, असं मी विचारलं. कोकणात नांगर टाकायचा तर भरतीचं पाणी खोलीत धरावंच लागतं. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरांचा फरक पडतो. आणि भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. इथे तो हिशेब मोडून पडतो. ताहितीच्या आसपासच्या समुद्रात चंद्राच्या भरतीचा जोर जवळजवळ शून्यावर येतो, उरते ती सूर्याची. त्यामुळे अमावास्या असो की अष्टमी, भरती रोज बारा वाजण्याच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. ओहोटी सहाला. फरक जेमतेम तीस सेंटीमीटर. चंद्राला न जुमानणारा समुद्र असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि नाळेवर विंचचा, म्हणजे साखळी सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्राचा, रिमोट हातात धरून ते कळणं जास्त मजेचं वाटलं.

वाऱ्याकडे तोंड करून दाजींनी बोट थांबवली, मी हात खाली केला आणि बटण दाबलं. साखळी खडखडत सुटली. दर दहा मीटरला रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात, त्या मोजायच्या. नांगर तळाला लागला की बोट वाऱ्याने आपोआप मागे सरते, साखळी तेवढीच सोडत जायची. एका जागी ढीग टाकायचा नाही. सगळी सुटल्यावर दाजींनी दोन्ही इंजिनं मागे टाकली, आधी अगदी हळू. साखळी पाण्यातून वर येत ताणली गेली.

"हात ठेव साखळीवर," दाजी मागून खुणेने म्हणाले. ठेवला. नांगर वाळूवरून घसरत असतो तेव्हा जात्याच्या खुंट्याला लागावी तशी खरखर हाताला लागते. काही क्षण ती लागली. मग एक आचका, आणि साखळी गप्प झाली. मी मूठ वर केली. त्यांनी इंजिन वाढवलं, आणखी वाढवलं. साखळी सरळ काठीसारखी ताणली, तरी हाताला काही लागेना. तेवढ्यात किनाऱ्यावरची खूणही बघायची: पुढचा एक माड आणि मागच्या डोंगरातली खाच एका रेषेत धरली होती, ती रेषा हलली नाही. दोघांची साक्ष जुळली की नांगर धरला.

इथे संपलं असं वाटतं, संपत नाही. साखळीचा सगळा ताण विंचवर ठेवायचा नसतो. दोन्ही हलच्या टोकांपासून दोन दोर आणून साखळीला हूकने अडकवायचे, मग थोडी साखळी ढिली सोडायची, म्हणजे ताण त्या दोरांवर येतो. त्याला ब्रायडल म्हणतात. तो नसेल तर कॅटामरान वाऱ्यात उजवी-डावीकडे झुलत राहते आणि प्रत्येक झोल्याला नांगर हलवते. ब्रायडल ताणला की बोट गुमान वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. त्यानंतर मी मास्क लावून पाण्यात उतरले आणि पोहत साखळीच्या शेवटापर्यंत गेले. नांगराचं पातं पूर्ण वाळूत, वर फक्त दांडी दिसत होती. गिर्यारोहणात जी खात्री हिसका देऊन होते, ती इथे पाण्यात डोकं घालून झाली. नांगर डोळ्यांना दिसत नाही ही माझी तक्रार तिथेच मिटली. लगूनचं पाणी तेवढं नितळ असतं. कोकणातल्या खाडीत हे जमणार नाही.

त्या रात्री मारामू आला. अंधार सहालाच पडतो, जेवणं उरकून झोपलो होतो. दोनच्या सुमारास दोरांची करकर सुरू झाली आणि दाजींच्या फोनवरचा, बोट जागेवरून सरकू लागली की वाजणारा नांगराचा अलार्म एकदा वाजून गेला. बोट आपल्या वर्तुळाच्या कडेपर्यंत जाऊन ताणली होती, वर्तुळाबाहेर नव्हती. तरी बाहेर येऊन बसलो. आमच्या मागे उथळ पायरी, तिच्यामागे मोटू. सुटलो असतो तर तिकडेच गेलो असतो. माड आणि खाच अंधारात दिसत नव्हते, म्हणून रायातेआवरचे दोन दिवे धरून ठेवले.

सुटली ती पुढची बोट. संध्याकाळी उशिरा आलेली, साखळी आखूड सोडल्याचं दाजींनी तेव्हाच म्हटलं होतं. तिचा मास्टवरचा पांढरा दिवा आधी जागच्या जागी डोलत होता, मग तो मोठा व्हायला लागला. ताईने टॉर्च मारला, नवऱ्याने भोंगा वाजवला, मी आणि दाजींनी सगळे फेंडर, म्हणजे टक्कर झेलणारे फुगे, पुढच्या बाजूला आणून बांधले. बोलाइनच्या गाठी अंधारात आपोआप पडल्या, गॅलरीच्या कठड्याचे उपकार. ती बोट आमच्यापासून दोन बोटींच्या अंतरावर आली तेव्हा कुठे आतून माणूस बाहेर आला. इंजिन चालू झालं, बोट बाजूने निघून गेली आणि दूर जाऊन तिने पुन्हा नांगर टाकला. कुणी कुणाला काही बोललं नाही. सकाळी त्यांनी हात हलवला, आम्हीही हलवला.

वारा दोन दिवस टिकला, म्हणून तिथेच थांबलो. त्याच मोटूंच्या मधल्या ओढ्यात प्रवाळाची बाग आहे. बाहेरच्या लाटा भिंतीवरून आत पाणी लोटतात, त्यामुळे इथे प्रवाह सदैव आतल्या दिशेने. मोटूवरून चालत वरच्या टोकाला जायचं आणि नुसतं पाण्यावर पडून वाहत खाली यायचं. पोहायचं कामच नाही, पोट तेवढं आत ओढून धरायचं, कारण काही ठिकाणी पाणी गुडघाभरच. आत आलेलं हे पाणी बाहेर पडतं ते भिंतीतल्या खिंडींमधून, म्हणून त्या खिंडींमध्ये बाहेरच्या दिशेचा ओढा जोरदार असतो. महासागरातून आत येणाऱ्या बोटीला तो समोरून लागतो.

जेवणाचं विचारणाऱ्यांसाठी: नीरफणस तिथे दारोदारी आहे, अळकुड्या आहेत, नारळ आहेत. ताईने नीरफणसाचे काप रवा लावून तळले. माशाचे तुकडे लिंबू आणि नारळाच्या दुधात कच्चेच खातात, ते नवऱ्याला इतकं आवडलं की आम्ही शेवटी त्याला वेगळी वाटी दिली.

वारा पडल्यावर रायातेआच्या पूर्वेला फाआरोआच्या उपसागरात गेलो. लांब, अरुंद, दोन्हीकडे हिरवे उभे डोंगर. काळा दगड बघून आम्ही दोघं गप्पच झालो, कारण तो बसाल्ट आहे, आपल्या सह्याद्रीचाच दगड, फक्त वयाने फार लहान. याच बेटावरच्या तेमेहानी पठारावर तियारे आपेताही नावाचं फूल येतं, जगात दुसरीकडे कुठेच येत नाही. पाच पाकळ्या आणि पाचही एकाच बाजूला. आपल्याकडे सड्यावरची फुलं बघायला कासला रांगा लागतात, तेव्हा पठार आणि फूल हे नातं सांगावं लागलं नाही. फाआरोआपासून जवळच तापुतापुआतेआचं मंदिर-प्रांगण, २०१७ पासून जागतिक वारसा. १७६९ साली कॅप्टन कुकबरोबर निघालेला तुपाया याच बेटाचा. नकाशा-होकायंत्राशिवाय शेकडो मैलांवरची बेटं त्याला तोंडपाठ होती.

फाआरोआत तळ चिखलाचा आणि पाणी खोल. साखळी पन्नास मीटरच्या वर सोडावी लागली. चिखलात नांगर लगेच ओढून बघायचा नसतो, त्याला आधी आपल्या वजनाने खाली बसू द्यायचं. आम्ही चहा केला, प्यायलो, मग इंजिनं मागे टाकली. हाताला खरखर लागलीच नाही, साखळी फक्त जड झाली.

उचलतानाचं काम माझं आणि नवऱ्याचं. विंचने बोट ओढायची नाही. दाजी इंजिनाने बोट हळूहळू पुढे घेणार, मी हाताने साखळीची दिशा दाखवणार, आणि ढिली झालेली साखळी तेवढी विंच गोळा करणार. साखळी खाली सरळ उभी झाली की थांबायचं, बोटीच्या वजनाने नांगर स्वतःच सुटतो. तिथला लाल चिखल कोकणातल्या जांभ्याच्या मातीसारखाच चिकट. नवरा बादली आणि ब्रश घेऊन कडी न् कडी धुऊन आत घेत होता, कारण तो चिखल साखळीच्या खणात गेला तर दुसऱ्या दिवशी सगळी बोट वास मारते. त्याला पाऊण तास लागला. दाजी मागून विचारत होते, "झालं का?" आणि तो दर वेळी नुसता ब्रश वर करून दाखवत होता. या खुणेचा सराव पार्किंगमध्ये झाला नव्हता, पण कळली सगळ्यांना.